द्विमुख अर्भक आणि त्याची नोंद : एका विरळ जन्मविकृतीचा ऐतिहासिक आढावा

१

एका धडावर दोन मुखे, किंवा एका मस्तकावर दुसरे मस्तक घेऊन जन्मास आलेले अर्भक ही निसर्गातील अत्यंत विरळ घटना होय. ती विरळ असल्यामुळेच जेथे जेथे घडली तेथे बहुधा कोणी ना कोणी तिची नोंद केली. ज्योतिषाने ती उत्पात म्हणून केली, वैद्याने दोषप्रकोपाचे फल म्हणून केली, खेळ दाखवून पैसा मिळविणाऱ्याने जाहिरातीत केली, शल्यवैद्याने संग्रहालयाच्या सूचीत केली आणि अलीकडच्या काळात रुग्णालयाने रुग्णपत्रिकेत केली. या नोंदी क्रमाने लावून पाहिल्या असता त्या अर्भकांविषयी जेवढे कळते त्याहून अधिक नोंद करणाऱ्यांच्या दृष्टीविषयी कळते. प्रस्तुत आढाव्याचा विषय ही दृष्टी व तिच्यात झालेले बदल हा आहे. प्राचीन संस्कृत ग्रंथांपासून आरंभ करून ठाणे जिल्ह्यातील भिवंडीनजीकच्या पूर्णा या गावी आज असे अर्भक जन्मास आले तर त्याची नोंद कशी होईल, येथपर्यंत हा विचार न्यावयाचा आहे.

आरंभी विषयाची व्याप्ती निश्चित करणे अवश्य आहे. सर्वसाधारण वाचक ज्यांना 'सयामी जुळी' म्हणतो ती जोडजुळी एकाच फलित बीजापासून उत्पन्न होतात. बीजाचे विभाजन गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत झाले तर दोन स्वतंत्र, परंतु एकसारखी जुळी होतात. ते सुमारे तेराव्या दिवसानंतर झाले तर अपुरे राहते व दोन देह एकमेकांस जोडलेले राहतात, असे मत दीर्घकाळ प्रचलित आहे. प्रथम वेगळे झालेले दोन गर्भ पुढे पुन्हा जुळतात, असाही एक पक्ष आहे. असा प्रसव सुमारे पन्नास हजार ते एक लाख जन्मांत एक होतो. छातीशी जोडलेली जुळी त्यांत सर्वांत अधिक आढळतात. मस्तकाशी जोडलेली शंभरात दोन ते सहाच असतात. मस्तकाशी जोडलेल्यांपैकी एकाचा देह वाढलाच नाही आणि त्याचे केवळ मस्तक दुसऱ्याच्या मस्तकावर राहिले, तर त्यास परोपजीवी जुळे म्हणतात. याहून निराळा प्रकार द्विमुखतेचा. तीत मस्तक एक, धड एक, परंतु चेहऱ्याचे अवयव दुहेरी असतात. कधी केवळ नाक दुहेरी असते, तर कधी चार डोळे, दोन नाके व दोन तोंडे असा संपूर्ण चेहराच दुसऱ्यांदा घडलेला असतो. हिची गणना जोडजुळ्यांत करावी, की एकाच गर्भाच्या अक्षभागाचे आरंभी द्विगुणन झाल्याचा तो परिणाम मानावा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. अशा अर्भकांत मेंदूची व हृदयाची विकृती वारंवार आढळते आणि बहुतेक अर्भके मृतावस्थेतच जन्मतात अथवा जन्मानंतर थोड्याच काळात दगावतात.

२

भारतीय वैद्यकाने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला होता. चरकसंहितेच्या शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात अग्निवेश आपल्या गुरूस विचारतो की, एकाच गर्भातून दोन अपत्ये का होतात आणि काही अपत्ये विकृतांग का जन्मतात. गर्भबीजाचे वायूमुळे जितके भाग होतात तितकी अपत्ये होतात, असे जुळ्यांविषयी उत्तर मिळते. विकृतीची कारणे म्हणून बीजाचे दोष, पूर्वकर्म, गर्भाशयाचे दोष, काळ आणि मातेचा आहारविहार यांचा निर्देश येतो. तेथेच एक मार्मिक दृष्टांत दिलेला आहे. वर्षाकाळी नदीच्या प्रवाहात सापडलेल्या वृक्षावर वाहत येणारी लाकडे, दगड व पाण्याचा वेग आघात करून त्याचा आकार जसा बदलून टाकतात, तसेच कुपित दोष कुशीतल्या गर्भाचे करतात, असा त्याचा आशय आहे. या दृष्टांतात वृक्षाचा काही अपराध नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

सुश्रुतसंहितेतही जुळ्यांचे कारण म्हणून बीजाचे वायूने होणारे विभाजन सांगितले आहे. परंतु सर्प, विंचू किंवा कोहळा यांच्या आकाराचे गर्भ हे पापाचे फल होत, असेही विधान त्याच प्रकरणात येते. म्हणजे एकाच ग्रंथात दोन प्रकारची उत्तरे शेजारी शेजारी नांदतात. पहिले देहधर्माचे आहे आणि दुसरे नीतीचे. पहिल्या उत्तरातून चिकित्सा निघू शकते; दुसऱ्यातून दोषी कोण हा प्रश्न निघतो, आणि त्याचे बोट सामान्यतः मातेकडे वळते.

हे बोट कोठवर जाऊ शकते याचे प्रत्यंतर सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मिळते. तिच्या उत्पाताध्यायात स्त्रियांचे विकृत प्रसव, एकाच वेळी दोन, तीन वा चार अपत्ये होणे, अकाली प्रसव होणे ही सर्व देशाच्या व कुळाच्या क्षयाची चिन्हे मानलेली आहेत. शांतिकर्म करावे, ब्राह्मणांस संतुष्ट करावे, हा उपाय त्या काळास अनुसरून आहे. पण त्याच्या जोडीला अशा स्त्रियांना दुसऱ्याच्या मुलखात नेऊन सोडावे असेही तेथे सांगितले आहे. विकृती अर्भकाची आणि हद्दपारी मातेची, असा हा न्याय होता. ग्रंथात सांगितलेला विधी प्रत्यक्षात किती वेळा पाळला गेला हे केवळ ग्रंथावरून ठरविता येत नाही. तथापि ज्या समाजात असे वचन प्रमाण मानले जात होते त्या समाजात सुईण, माता व कुटुंब यांची अशा प्रसंगी काय अवस्था होत असेल याची कल्पना त्यावरून येते.

महाभारतातील जरासंधाची कथा या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांस एकेक अर्धदेह झाला. ते दोन्ही तुकडे टाकून देण्यात आले. जरा नावाच्या राक्षसीने ते एकत्र जोडले व बालक जिवंत झाले. सभापर्वातील ही कथा अद्भुत असली तरी तिच्यात एक वास्तव दडलेले आहे. विकृत प्रसव टाकून देण्याची रीत कथाकाराला इतकी स्वाभाविक वाटली की तिचे समर्थन करण्याची त्याला आवश्यकता भासली नाही.

युरोपातील परिस्थिती फारशी निराळी नव्हती. विकृत अर्भकासाठी असलेला लॅटिन शब्द 'इशारा देणे' या अर्थाच्या धातूशी संबद्ध आहे. आंब्र्वाज पारे या फ्रेंच शल्यवैद्याने १५७३ साली अशा जन्मांवर लिहिलेल्या ग्रंथात ईश्वराचा महिमा, ईश्वराचा कोप, बीजाचे आधिक्य, बीजाची न्यूनता, मातेची कल्पनाशक्ती अशी कारणे एकाच मालिकेत दिली आहेत. देहधर्म आणि दैवी संकेत यांची सरमिसळ तेथेही आहे, आणि मातेच्या मनावर ठेवलेला ठपकाही आहे.

३

अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातील एका मुलाची हकीकत पाश्चात्त्य वैद्यकाच्या इतिहासात कायमची नोंदली गेली. परोपजीवी मस्तकाचे हे सविस्तर वर्णन झालेले प्रसिद्ध उदाहरण असून आजही या विषयावरील लेखनात त्याचा उल्लेख येतो. हा मुलगा मे १७८३ मध्ये बंगालमध्ये बर्दवाननजीक मंडलगाट अशा उच्चाराच्या गावी एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. त्याच्या मस्तकाच्या माथ्यावर दुसरे मस्तक उलटे जोडलेले होते, व त्या दुसऱ्या मस्तकाची मान वर जाऊन एका आखूड गोळ्यात संपत होती. जन्मसमयी भयभीत झालेल्या सुइणीने अर्भकास अग्नीत टाकले. त्यास बाहेर काढण्यात आले, पण एका डोळ्यास व कानास भाजल्याच्या इजा झाल्या.

आईबापांनी पुढे मुलास कलकत्त्यास नेऊन त्याचे प्रदर्शन मांडले. लोकांनी फुकट पाहू नये म्हणून एरव्ही त्यास वस्त्राखाली झाकून ठेवीत. प्रतिष्ठित लोक त्यास घरी बोलावून पाहत. या पाहणाऱ्यांपैकी काहींनी बारकाईने निरीक्षण केले. मूल झोपलेले असता वरच्या मस्तकाचे डोळे कधी उघडे असत. खालच्या चेहऱ्यावर हसू वा रडू आले तरी वरच्या चेहऱ्यावर त्याचा भाव नेहमीच उमटत नसे. वरच्या डोळ्यांतून अश्रू व तोंडातून लाळ येत असे, परंतु डोळ्यास स्पर्श केला असता प्रतिक्रिया क्षीण होती. दुसरे मस्तक कितपत जिवंत आहे आणि जिवंत असल्यास ते 'कोण' आहे, हा प्रश्न या निरीक्षणांच्या मुळाशी होता.

मूल सुमारे चार वर्षांचे झाले. एके दिवशी आई पाणी आणण्यास गेली असता त्यास नाग चावला व ते मरण पावले. प्रेत विकत घेण्याची इच्छा अनेकांनी दर्शविली होती, पण आईबापांनी ती नाकारली. मुलास तामलुकजवळ रूपनारायण नदीच्या काठी पुरण्यात आले. पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा त्या भागातील मिठाचा एजंट डेंट याने थडगे उकरून प्रेत बाहेर काढले व त्याचे विच्छेदन केले. दोन्ही मस्तकांत पृथक् मेंदू असून वरच्याचे पोषण खालच्याच्या मेंदूवरील आवरणातून गेलेल्या रक्तवाहिन्यांनी होत होते असे त्यास आढळले. कवटी त्याने कॅप्टन ब्युकॅनन यास दिली व ब्युकॅननने ती इंग्लंडला नेली. तेथे एव्हरार्ड होम याने जॉन हंटर यास लिहिलेल्या पत्राच्या रूपाने तिचा वृत्तांत १७९० साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि १७९९ साली त्यास पुरवणी जोडली. ती कवटी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या हंटेरियन संग्रहालयाच्या संग्रहात गेली.

होमच्या वृत्तांताचे वैद्यकीय मोल मोठे आहे. त्यात दैवी कोपाचा विचार नाही. अवयव, त्यांची मापे, त्यांच्या क्रिया व रक्तवाहिन्यांचे संबंध यांचे वर्णन आहे. वराहमिहिराच्या श्लोकांच्या तुलनेत हे निश्चितच पुढचे पाऊल होय. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने याच वृत्तांतातील आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवे. त्यात आईचे नाव नूकी व वय तीस, बापाचे नाव हन्नाई व वय पस्तीस असे दिलेले आहे. इंग्रजी कानांनी ऐकलेली ही नावे मूळची कशी असतील हा वेगळा प्रश्न आहे; पण ती विचारली गेली व लिहिली गेली. मुलाचे नाव मात्र दिलेले नाही. चार वर्षे जगलेल्या, चालत्याबोलत्या वयाच्या मुलास घरी काही तरी नावाने हाक मारीत असणारच. ते विचारावे असे ज्यांनी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या तपासल्या त्यांस वाटले नाही. 'बंगालचा दोन डोक्यांचा मुलगा' हेच त्याचे नाव होऊन बसले.

दुसरी गोष्ट संमतीची. या मुलासंबंधी आईबापांनी केलेल्या तीन कृती नोंदीतून दिसतात. त्यांनी त्याला जगविले. त्याच्यावर पैसा मिळविला. आणि मेल्यावर त्याचा देह विकण्यास नकार दिला. पहिल्या दोन कृतींवरून त्यांच्याविषयी कोणतेही मत बनविता येईल, परंतु तिसरीने त्या मताला मर्यादा पडते. पैशाची गरज असलेल्या कुटुंबाने जी किंमत नाकारली ती कोणत्या भावनेने, हे सांगण्यास पुराव्याची जरुरी नाही. कवटी आज उपलब्ध आहे ती या नकाराचा भंग झाल्यामुळेच.

त्या काळी इंग्लंडातील शल्यवैद्यांची पद्धत अशीच होती, एवढे म्हणून हा विषय संपविता येत नाही. कारण त्याच संग्रहालयाने अलीकडे आपल्या पूर्वजांच्या या पद्धतीचा फेरविचार केलेला आहे. ज्या १७८३ साली बंगालमध्ये हा मुलगा जन्मला त्याच साली लंडनमध्ये चार्ल्स बर्न हा अतिशय उंच आयरिश मनुष्य मरण पावला. आपला देह शल्यवैद्यांच्या हाती न लागता समुद्रात पुरला जावा अशी त्याची इच्छा होती. हंटरने त्याचा सांगाडा हस्तगत केला व तो दोन शतकांहून अधिक काळ प्रदर्शनात राहिला. नूतनीकरणासाठी बंद असलेले हंटेरियन संग्रहालय २०२३ साली पुन्हा उघडले तेव्हा बर्नचा सांगाडा प्रदर्शनातून वगळण्यात आला. संशोधनासाठी मात्र तो राखून ठेवण्यात आला. बर्नची इच्छा त्याच्या भाषेत, त्याच्या शहरात नोंदली गेली होती. नूकी व हन्नाई यांच्या नकाराची नोंदही छापील स्वरूपात आहे. दोन्ही नकारांना सारखेच वजन आहे.

४

एकोणिसाव्या शतकात या विषयास शास्त्राचे रूप आले. एतिएन जोफ्र्वा सेंतिलेर व त्याचा पुत्र इसिडोर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञांनी विकृत गर्भांचे वर्गीकरण केले. इसिडोरचा ग्रंथ १८३२ पासून काही वर्षांत प्रसिद्ध झाला आणि विकृतगर्भशास्त्र ही स्वतंत्र शाखा मानली जाऊ लागली. विकृती ही निसर्गनियमांचा भंग नसून त्याच नियमांच्या वाढीतील अडथळ्याचा परिणाम आहे, हे या शाखेचे मूलतत्त्व. पुढे हान्स श्पेमान याने विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूट नावाच्या उभयचराच्या गर्भास बारीक केसाच्या फासाने मध्ये आवळून दोन मस्तकांचे जीव निर्माण केले, आणि १९२४ साली हिल्डे मांगोल्ड हिच्यासह गर्भातील संघटक भागाचा शोध प्रसिद्ध केला. मांगोल्ड त्याच वर्षी अपघाती मरण पावली. श्पेमानला १९३५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अलीकडच्या संशोधनात गर्भाच्या चेहऱ्याची रुंदी ठरविणाऱ्या एका प्रथिनाचे प्रमाण वाढविल्यास कोंबडीच्या गर्भाचा चेहरा रुंदावतो असे आढळले आहे. चरकाच्या दृष्टांतातील नदीच्या वेगाच्या जागी आता गर्भातील संदेशवाहक द्रव्यांचे प्रमाण आलेले आहे. वृक्ष निरपराध आहे हा निष्कर्ष मात्र कायम राहिला.

शास्त्राची ही वाटचाल चालू असतानाच तमाशाचा बाजारही तेजीत होता. १८११ साली सयाममध्ये जन्मलेल्या चांग व एंग या जोडलेल्या बंधूंच्या प्रदर्शनावरून 'सयामी जुळी' हा शब्दप्रयोग जगभर रूढ झाला. ते १८७४ पर्यंत जगले, विवाहित झाले व स्वतःच्या मिळकतीचे मालक झाले. सर्वांचे नशीब असे नव्हते. ओरिसात १८८८ च्या सुमारास जन्मलेल्या राधिका व दूधिका या बहिणी उरोस्थीपाशी एका पट्ट्याने जोडलेल्या होत्या. त्यांना लहानपणीच युरोपात नेण्यात आले व पुढे त्या बार्नम आणि बेली यांच्या प्रसिद्ध सर्कशीत दाखविल्या गेल्या. दूधिकेस क्षय झाल्यामुळे राधिकेस वाचविण्याच्या हेतूने फेब्रुवारी १९०२ मध्ये पॅरिसमध्ये डॉ. दोयँ यांनी त्यांना विलग केले. दूधिका काही दिवसांतच वारली. राधिकाही पुढच्या वर्षी त्याच रोगाने गेली. या शस्त्रक्रियेचे चलच्चित्र घेण्यात आले होते. आपल्या शस्त्रक्रियांच्या चित्रफिती अनुमतीवाचून विकल्या गेल्या म्हणून दोयँ यांनी दावा लावला व १९०५ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. चित्रावर हक्क कोणाचा हा प्रश्न न्यायालयात आला तो शल्यवैद्य व छायाचित्रकार यांच्यामध्ये. ज्यांचे देह त्या चित्रात होते त्यांचा हक्क कोणी विचारला नाही.

अशा काळात खऱ्या व काल्पनिक नोंदींतील भेदही पुसट होतो. डोक्याच्या मागील बाजूस दुसरा चेहरा असलेल्या एडवर्ड मॉरड्रेक नावाच्या इंग्रज उमरावाची कथा आजही खरी म्हणून सांगितली जाते. तिचा उगम डिसेंबर १८९५ मध्ये बोस्टनच्या एका वृत्तपत्रात आलेल्या चार्ल्स हिल्ड्रेथ या कथालेखकाच्या लेखात आहे. पुढच्याच वर्षी गूल्ड व पाइल या अमेरिकन वैद्यांनी ती आपल्या वैद्यकीय आश्चर्यांच्या ग्रंथात उतरवून घेतली आणि एका कल्पित मनुष्यास वैद्यकीय इतिहासात स्थान मिळाले. येथे एक विपरीत गोष्ट दिसते. जो कधी जन्मलाच नाही त्यास नाव, कुळ व पदवी लाभली. जो चार वर्षे जगला त्यास नाव उरले नाही. साधनांची छाननी करताना नावाचे असणे वा नसणे हे सत्यतेचे गमक मानता येत नाही, हा धडा संशोधकाने यातून घ्यावयाचा आहे.

५

आतापर्यंतच्या नोंदी करणारे ज्योतिषी, वैद्य, अधिकारी, शल्यवैद्य हे सर्व पुरुष होते. प्रसूतीच्या खोलीत प्रत्यक्ष असणाऱ्या सुइणीने वा मातेने लिहून ठेवलेले यांत काहीही नाही. बंगालच्या मुलाच्या हकीकतीत सुईण येते ती केवळ क्रूर कृत्य करणारी म्हणून. तिच्यावर कोणत्या समजुतींचे ओझे होते याचा विचार तेथे नाही. या दृष्टीने महाराष्ट्रातील एका घटनेचे महत्त्व विशेष आहे. ज्यांचे माहेर भिवंडीपासून जवळच, उल्हास नदीपलीकडच्या कल्याणचे, त्या डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात पदवीसाठी जो प्रबंध सादर केला त्याचा विषय प्राचीन हिंदू आर्यांचे प्रसूतिशास्त्र हा होता. ज्या ग्रंथांत मातेवर ठपका ठेवला गेला होता त्या ग्रंथपरंपरेकडे स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतलेली एक स्त्री वैद्यकाच्या दृष्टीने पाहत होती. त्यांचे स्वतःचे अपत्य अवघ्या दहा दिवसांचे होऊन गेले होते, व योग्य उपचारांचा अभाव हे त्यांच्या वैद्यकाकडे वळण्याचे एक कारण मानले जाते. आनंदीबाई १८८७ च्या फेब्रुवारीत वारल्या. त्यांना वैद्यकी करण्यास अवधी मिळाला नाही. परंतु प्रसूतिगृहातील नोंद स्त्रीच्या हाती येण्याचा मार्ग त्या पिढीपासून मोकळा झाला. मुंबईत १८४५ साली सुरू झालेले ग्रँट मेडिकल कॉलेज, १८८६ साली सुरू झालेले कामा रुग्णालय, १९२६ चे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह व १९२९ चे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय या संस्थांनी प्रसूती व अर्भकचिकित्सा हळूहळू घराच्या अंधाऱ्या खोलीतून रुग्णालयात आणली.

चालू शतकात या परिवर्तनाची फळे दिसतात. वाडिया बालरुग्णालयात २०१४ साली श्रोणिभागी जोडलेल्या दोन मुलींना विलग करण्यात आले. ओडिशाच्या कंधमाल जिल्ह्यातील मस्तकाशी जोडलेल्या दोन मुलग्यांवर २०१७ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया होऊन ते विलग झाले. त्यांपैकी एक २०२० साली वारला. बंगालच्या मुलासारख्या परोपजीवी मस्तकाच्या अर्भकांवर २००४ साली डॉमिनिकन प्रजासत्ताकात व २००५ साली इजिप्तमध्ये शस्त्रक्रिया झाल्या. पहिले अर्भक शस्त्रक्रियेनंतर लगेच व दुसरे सुमारे वर्षभराने मरण पावले. इजिप्तमधील अर्भकाचे दुसरे मस्तक डोळे मिचकावीत असे व हसल्यासारखे करीत असे. म्हणजे कलकत्त्यातील निरीक्षकांना पडलेला प्रश्न दोन शतकांनंतर पुन्हा उभा राहिला होता.

जुनी दृष्टी मात्र नाहीशी झाली आहे असे नाही. २००८ साली दिल्लीनजीकच्या एका गावात दोन चेहऱ्यांची मुलगी जन्मली. ग्रामस्थांनी तिला देवीचा अवतार मानून दर्शनासाठी रांगा लावल्या. तिला टाळूच्या विकृतीमुळे दूध घेणे कठीण जात होते. सुमारे दोन महिन्यांनी ती वारली. उत्पात मानून टाकून देणे व अवतार मानून पूजणे या दोन परस्परविरुद्ध क्रिया वाटतात. परंतु दोहोंत अर्भक हे कशाचे तरी चिन्ह ठरते, आणि त्याच्या दुधाची व श्वासाची विचारपूस मागे पडते.

६

या पार्श्वभूमीवर पूर्णासारख्या गावाचा विचार करावयाचा आहे. भिवंडी तालुक्यातील हे गाव मुंबईच्या व्यापाराची गोदामे जेथे उभी राहिली त्या पट्ट्यात आहे. येथील जुन्या रहिवाशांच्या जोडीला दूरदूरच्या प्रांतांतून आलेली हमाल, चालक व मजूर यांची कुटुंबे राहतात. काम बदलले की त्यांचे बिऱ्हाडही बदलते. एका गावी गर्भधारणेची नोंद, दुसऱ्या ठिकाणी तपासणी आणि तिसऱ्या ठिकाणी प्रसूती असा प्रकार अशा कुटुंबांत सहज घडू शकतो.

आज मुखाची वा मस्तकाची द्विगुणता जन्मापूर्वीच कळू शकते. गर्भाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी साधारणतः अठराव्या ते विसाव्या आठवड्यात केली जाते. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यात मर्यादा वीस आठवड्यांची होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती विशिष्ट स्थितीतील स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत वाढविण्यात आली आणि वैद्यकीय मंडळाने गर्भात गंभीर विकृती असल्याचे ठरविल्यास ही मर्यादा लागू राहत नाही. गर्भ ठेवणे वा न ठेवणे हा निर्णय त्या स्त्रीचा होय. बृहत्संहितेने जिला परमुलखात सोडावयास सांगितले होते तिला आज कायद्याने निर्णयाचा अधिकार दिला आहे. परंतु हा अधिकार वापरावयाचा तर वेळेवर तपासणी व्हावी लागते, तिचा अर्थ समजेल अशा भाषेत सांगितला जावा लागतो, आणि भिवंडीहून ठाणे व मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांपर्यंतचा प्रवास करता यावा लागतो. परप्रांतातून आलेल्या मजुराच्या पत्नीच्या बाबतीत यांपैकी एक दुवा निखळला तरी अधिकार कागदावर राहतो.

आणि अर्भक जन्मास आले तर? १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याच्या व्याख्येत 'जन्म' या शब्दात जिवंत व मृत असे दोन्ही प्रकारचे जन्म समाविष्ट आहेत. अर्भक जिवंत जन्मून थोड्याच वेळात गेले तरी त्याच्या जन्माची व मृत्यूची अशा दोन्ही नोंदी कराव्या लागतात. या कायद्याच्या चौदाव्या कलमात असेही म्हटले आहे की, नावाविना नोंदलेल्या मुलाचे नाव आईबापांनी विहित मुदतीत निबंधकास कळवावे व ते नोंदवहीत भरले जावे. शासकीय कायद्यातील हे एक रूक्ष कलम आहे. परंतु मंडलगाटच्या मुलाचा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला त्या रिकाम्या रकान्याचे मोल निराळे सांगावे लागणार नाही. विकृतीचे वर्णन वैद्यकीय कागदात जाईल. नोंदवहीतील रकाना मात्र त्या मुलाच्या नावासाठी आहे, मग ते एक तास जगलेले का असेना.

येथे एक आक्षेप संभवतो. आजच्या वैद्यकीय नियतकालिकांत रुग्णाचे नाव दिलेले नसते; मग होमच्या वृत्तांतात ते नाही याबद्दल तक्रार कशासाठी? याचे उत्तर दोन्ही ठिकाणच्या कारणांत आहे. आज नाव वगळले जाते ते रुग्णाच्या संरक्षणासाठी, आईबापांच्या संमतीने, आणि ते रुग्णालयाच्या दप्तरात व निबंधकाच्या नोंदवहीत अन्यत्र सुरक्षित असते. १७९० साली ते वगळले गेले ते कोणी विचारलेच नाही म्हणून, आणि ते अन्यत्र कोठेही उरले नाही. बाहेरून दोन्ही सारखी दिसली तरी झाकून ठेवलेले नाव गरज पडल्यास मिळते, हरवलेले मिळत नाही.

तात्पर्य, या विरळ विकृतीचा इतिहास केवळ अज्ञानाकडून ज्ञानाकडे असा सरळ रेषेत गेलेला नाही. चरकाजवळ देहधर्माची दृष्टी होती, पण तिच्या शेजारीच पापाची कल्पनाही होती. होमजवळ अचूक निरीक्षण होते, पण आईबापांच्या नकाराला किंमत नव्हती. सर्कशीजवळ नावे होती, पण ती तिकीट विकण्यासाठी होती. आजच्या रुग्णालयाजवळ यंत्र, शस्त्र व कायदा आहे. पूर्णासारख्या गावच्या बिऱ्हाडापर्यंत ती वेळेवर पोहोचतात की नाही यावर त्यांची परीक्षा होईल. पुढील संशोधकाने ठाणे जिल्ह्यातील जन्मनोंदींचा अभ्यास हाती घेतल्यास मृतजन्मांच्या नोंदी, त्यांतील कारणांचे रकाने आणि अल्पकाळ जगलेल्या अर्भकांच्या नावांचे रकाने ही साधने प्रथम तपासावीत. विकृतीचा इतिहास त्यांतून थोडा कळेल. नोंद करणाऱ्या समाजाचा अधिक कळेल.